इतका वेळ काय करत होतीस

२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. ह्यांना जाऊन आठ महिने होत आले. दुकानात मी आता रुळले आहे. ड्रायक्लीनिंगच्या मालकांनी ह्यांचंच डाग काढायचं टेबल मला दिलं. पहिल्याच महिन्यात मी एका वकिलाच्या कोटाला भोक पाडलं, तरी काढून टाकलं नाही. बाकीचं पुस्तकांतून शिकते. वाचनालयातल्या बाई म्हणतात, डागांवरचं पुस्तक कादंबरीसारखं दोनदा नेणारी मी पहिलीच.

तुमच्या टिटवीला पंधरावं संपलं. शाळेतून सरळ दुकानात येते, घरी एकटीला नको वाटतं म्हणते. मागच्या खोलीत बसून सोपे डाग काढते. मीच शिकवलं. या वयाच्या मुली आईच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत म्हणतात, ही तीन-तीन तास माझ्याजवळ बसते. डोकं दुखतं म्हणाली म्हणून चष्मा करून दिला. तोंडाच्या कडेला पुरळ उठलंय, मलम लावते आहे. टिवटिव मात्र पार बंद. पोक्त झाली म्हणायचं. केमिकलचा डबा हल्ली लवकर संपतो म्हणून मालकांनी हटकलं. माझाच हात सैल आहे, असं सांगून वेळ मारून नेली.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, त्यात थोडी भर घाला.

तुमची धाकटी

—

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

वकिलाच्या कोटाचं वाचून इतकी हसले, की शिवत होते ती बाही उलटी लावली. गिऱ्हाईक तुझ्या नावाने बोटं मोडून गेलं.

आता ऐक. टिटवीचं पत्र मला मागच्या आठवड्यात आलं. पाच ओळी. त्यात एक शब्द तीनदा आणि दोन वाक्यं अर्धवट. पूर्वी ही बया आठ पानं लिहायची आणि पाकिटावरसुद्धा ता. क. घालायची. याला पोक्तपणा म्हणत नाहीत.

भाऊ त्या मागच्या खोलीत मला पाच मिनिटं टेकू देत नसे. खिडकी उघडल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा त्याचा कायदा. तू पोरीला तिथे रोज तीन तास बसवतेस? डोकेदुखी, पुरळ, लवकर संपणारा डबा, हे सगळं तूच एका पत्रात लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही? माझ्या मनात येतंय ते लिहायला हात धजत नाही. चुकत असेन तर तोंडात मार.

आणखी एक. भाऊ गेला तेव्हा ती तिथे होती, एवढंच मला ठाऊक आहे. तिने काय पाहिलं ते मी विचारलं नाही, तू लिहिलं नाहीस. पत्राची वाट पाहते. कामाच्या सबबी नकोत.

तुझी वन्सं

—

१ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. ते पुस्तकात घालून ठेवलं आणि टिटवीला पहिल्यासारखंच त्या खोलीत बसू दिलं. आठव्या दिवशी मी बाहेर गल्ल्यावर पावत्या लिहीत होते आणि ती आत पडली. इस्त्रीवाल्या काकांनी उचलून बाहेर आणली. फडकं मुठीत होतं. बोटं उघडावी लागली.

दवाखान्यात मी डॉक्टरबाईंशी वाद घातला. मुलगी तिथे कामाला बसते, कपड्यांना वास येणारच, असं म्हटलं. टिटवीनेच मला गप्प केलं. बाबा गेल्यावरच्या दुसऱ्या महिन्यापासून ती ते केमिकल हुंगत होती. तसं केलं की थोडा वेळ काही दिसत नाही, म्हणाली. काय दिसत नाही, ते सांगेना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, यात एका दमातही जीव जाऊ शकतो. मग विचारलं, हिला कशाचा धक्का बसला होता का. मी सांगितलं, वडील गेले. आणखी काही? मी नाही म्हटलं. शाळेत कावीळ झाल्याचं कळवलं.

वन्सं, आणखी होतं. त्या दिवशी मला घरून दुकानात बोलावून नेलं तेव्हा हे मागच्या खोलीत खुर्चीत तसेच होते. टिटवी शाळेच्या कपड्यांत भिंतीला टेकलेली. काका म्हणाले, ती वीस मिनिटांपूर्वी आत गेली होती. मालक, काका, दोन गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर मी तिला दंडाला धरून हलवलं आणि विचारलं, की तू इथेच होतीस, तर इतका वेळ काय करत होतीस.

तिने उत्तर दिलं नाही. मी शब्द परत घेतले नाहीत. ती विसरली असेल असं धरून चालले. मी एक दिवसही विसरले नव्हते. एवढी पुस्तकं वाचली, पण हे कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

हे पत्र जाळून टाका. लोभ मागायला आज तोंड नाही.

धाकटी

—

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र जाळलं नाही. तीन दिवस तुझ्यावर जळफळले. कोवळ्या पोरीला असं विचारतात? चौथ्या दिवशी स्वतःची लाज वाटली, ती अजून हटत नाही. कारण त्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं.

जाण्याआधी चार महिने भावाचं मला पत्र आलं होतं. जिना चढताना छातीत कळ येते, तपासण्या सांगितल्या आहेत, टिटवीच्या पुढच्या वर्षाची फी भरून झाली की करीन. तुला कळवायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली होती. मी पाळली. लिहायला शरम वाटते, पण बायकोला सोडून त्याने मला सांगितलं याचा मला मनातून गर्वच झाला. तो गेल्यावर तू रडत होतीस, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तोंड शिवून बसले होते.

तेव्हा, इतका वेळ काय करत होतीस, हे मला विचार. पोरीकडे वीस मिनिटं होती. माझ्याकडे चार महिने होते.

हे पत्र टिटवीला वाचून दाखव. तिच्या नजरेतून उतरले तरी चालेल, पोर वाचली पाहिजे. तुझ्या वाट्याचं तू बोल, ते मी लिहून देणार नाही. आणि डॉक्टरांना खोटं सांगितलंस ते आधी निस्तर.

लोभ उरला असेल तर ठेव. नसेल तर समजेन.

वन्सं

—

२४ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यावर रागवायचा हक्क मी राखून ठेवला आहे, तो सवडीने वापरीन. डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. आता टिटवी आठवड्यातून दोनदा तिथल्या समुपदेशक बाईंकडे जाते. मालकांना सांगून मी गल्ल्यावर बदली घेतली. मागच्या खोलीला कुलूप असतं.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवायला मला पाच दिवस लागले. वाचलं, आणि माझ्या वाट्याचंही बोलले. माझा धीर सुटला होता आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढला, चूक माझी होती, एवढंच जमलं. ती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, तू विचारलंस खरं, पण उत्तरासाठी थांबली नाहीस. मग तिने उत्तर दिलं.

हे एका पांढऱ्या शर्टाचा डाग काढत होते. ती आली तसं म्हणाले, जरा घाम आलाय, मी टेकतो. तू कापड ओलं ठेव, मध्येच वाळलं तर कायमचं वर्तुळ उमटतं. ती त्यांच्याकडे पाठ करून टिपत राहिली. हात थांबू दिला नाही. एकदा त्यांनी छान म्हटलं. पुढे बोलले नाहीत, तिला वाटलं डोळा लागला. ती मागे वळली तेव्हा डाग पूर्ण गेलेला होता.

वन्सं, एवढं मनात घेऊन पोर नऊ महिने हिंडत होती आणि मी तिला चष्मा करून दिला.

अजून एक काम बाकी आहे. ते झालं की कळवते. लोभ कमी झालेला नाही, पण दुखतो आहे.

धाकटी

—

५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

आईने काय केलं ते ती तुला धड सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. शनिवारी तिने मालकांना, काकांना आणि बाबा गेले तेव्हा दुकानात होती ती दोन गिऱ्हाइकं, अशा सगळ्यांना फुटपाथवर बोलावलं. मला शेजारी उभं केलं. म्हणाली, मागच्या वर्षी इथे तुमच्यासमोर मी माझ्या मुलीला जे विचारलं, ते मी परत घेते; तिच्या बाबांनी सांगितलेलं काम ती करत होती आणि ते तिने नीट केलं. हे तिने वहीत लिहून पाठ केलं होतं. काका रडायलाच लागले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, की मग माझा कोट आज मिळेल ना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. येताना मी तिला बजावलं, की पुन्हा असं करायचं नाही.

तुझ्यावर मी रागावलेली आहे. किती दिवस ते माहीत नाही. बाबांचं ते पत्र असेल तर पाठव.

गुरुवारी मी पुन्हा वास घेतला. शाळेजवळच्या रंगाच्या दुकानामागे. आईला मीच सांगितलं, बस स्टॉपवर. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ओरडली नाही. विचारलं, की तेव्हा काय आठवलं होतं. मला लगेच सांगता येईना. आमची बस आली आणि गेली. दुसरीही गेली. ती हलली नाही.

लोभ असू दे, उपदेश नको.

टिटवी