पहारेकऱ्याच्या वहाणा

१७ सप्टेंबर १९६१, रविवार

गुरुराज दिसला! सिनेमात!

अक्षर लागत नाही. तसं माझं अक्षर कधी लागलंय? चौथीपर्यंतची शाळा, तीही कन्नड.

सध्या दर रविवारी सकाळच्या खेळाला मराठी सिनेमा लावलाय, चार आठवडे. मी आपला नंदकिशोरसाठी गेलो होतो. हा नट चैत्रात वारला, हा त्याचा शेवटचा सिनेमा. पडद्यावर पिठलं-भाकरी खातो, बुक्कीनं कांदा फोडतो, हसतो. माणूस जळून पाच महिने झाले, आणि इथे बोटं चाटतोय! शेजारच्या बाईंनी हात जोडले. मीही जोडले. मला नटांचं मरण सोसत नाही. ती नटी शालन गेली तेव्हा चार दिवस अन्न गोड लागलं नाही. सूनबाई, वसुमती, अजून चिडवते — "मामंजी, तुमचं सुतक फिटलं का?"

तर दिवाणाच्या दारावरचा पहारेकरी. म्हातारा, पाठीत वाकलेला. आतून हाक येते. तो उठतो, वहाणा उचलतो, उलट्या करून जमिनीवर आपटतो. एक, दोन, तीन. मगच पायात घालतो. म्हणतो, "या, सरकार आत आहेत." संपलं त्याचं काम.

तीनदा! आमच्या घरी विंचू फार. अण्णांनी — आमच्या वडिलांनी — आम्हा दोघा भावांना, मला आणि गुरुराजला, लावलेली शिस्त. आजही मी तसंच करतो.

१८ सप्टेंबर

वसुमतीला सांगितलं. "वहाणा आपटणारे काय एकटे तुम्हीच आहात?" म्हणाली. तिला काय कळणार! तिचं लग्न होऊन ती इथे आली तेव्हा गुरुराज नुसतं नाव होतं. तेही वर्षातून एकदाच घ्यायचं.

सदतीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांचा होता, इथे बसवनगुडीत नाटक कंपनी उतरली होती, तिच्या मागे गेला. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं वाट पाहिली. मग अण्णा अंथरुणाला खिळले. म्हणाले, "माझ्या आधी त्याचं करून टाक. नाहीतर तो असाच भटकेल." भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ. अण्णांना उठवत नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. नारळ फुटल्याचा आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून पंचवीस वर्षं सर्वपित्री अमावास्येला त्याला तिळाचं पाणी देतो. ज्यांच्या मरणाचा दिवस ठाऊक नाही, ज्यांना तिथी नाही, त्यांची ती अमावास्या.

आणि तो तिकडे वहाणा आपटतोय!

२० सप्टेंबर

मठात जाऊन आमचं श्राद्ध सांगणाऱ्या भीमाचार्यांना गाठलं. जिवंत माणसाला तिळाचं पाणी दिलं तर काय होतं? ते म्हणाले, "आयुष्य तुटतं." एकदम असं! पंचवीस वेळा तोडलं की मी!

मग म्हणाले, "अहो, पण तो जिवंत कशावरून? तुमचा तो नंदकिशोर गेलाय ना? मग पडद्यावर जेवतो कसा?"



"आणि खरंच परत आला," ते पुढे म्हणाले, "तर त्याला तुपाच्या हंड्यात बुडवून काढायचा. नवा जन्म. बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. छप्पन वर्षांचा बटू! भिक्षा घालायला तुम्हीच!" आणि पोट धरून हसले.

मी नाही हसलो. घरी येऊन माळ्यावरचा मोठा हंडा पाहिला. माणूस मावेल का? वसुमती खालून ओरडली, "मामंजी, उतरा! पडाल! काय हवंय?" काही नाही म्हणालो.

२१ सप्टेंबर

कोल्हापूरच्या स्टुडिओला पत्र टाकलं. तीन कागद फाडले. पहारेकरी कोण, राहतो कुठे, डाव्या कानामागे तीळ आहे का. शेवटी लिहिलं — भाऊ असेल तर कळवा की थोरला रघुपती अजून त्याच घरात आहे. तिकीट नीट चिकटलं होतं का? आता शंका येतेय.

२४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा गेलो. तोच आहे. नाही, तोच असेल. फार लवकर संपतो तो! डोळ्यांत पाणी आलं की तेवढ्यात दिवाण दिसायला लागतो.

२७ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. मन दुसरीकडे जावं म्हणून चामराजपेटेतल्या तंबूत एक कन्नड देवाचा सिनेमा पाहिला. शेवटी सगळे स्वर्गात जातात, कापसाचे ढग. नायिका चांगली गात होती म्हणे. मला काही कळलं नाही. मी मागच्या घोळक्यातले चेहरे शोधत बसलो. किती म्हातारे उभे असतात मागे! कुणी त्यांच्याकडे बघत नाही. त्यांच्याही घरी कुणी पाणी देत असेल का?

१ ऑक्टोबर, रविवार

कृष्णाबाई अक्काला घेऊन गेलो. आमची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जटक्यात, त्या उंच घोडागाडीत, चढवता-उतरवता जीव गेला. "मला दिसत नाही, कशाला नेतोस रे?" — वाटभर तेच. आत बसल्यावर पदरातून शेंगदाणे काढून खात होती.

वहाणा आपटल्या. तिचे दात थांबले.

"या, सरकार आत आहेत."

माझा दंड धरला घट्ट. "रघू, अण्णा बोलले!"

"अण्णा नव्हे अक्का, गुरुराज."

"तेच. आवाज तोच." मागून कुणीतरी "स्वल्प गप्प बसा हो" म्हणालं. अक्का उरलेला खेळ तोंडाला पदर लावून रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "यंदा त्याला पाणी देऊ नकोस. तुला माझी शपथ."

५ ऑक्टोबर

पोस्टमन आला, थांबला नाही.

७ ऑक्टोबर

अजून पत्र नाही. भीमाचार्य म्हणतात, शंका असेल तर देऊन मोकळे व्हा. मेलेला तहानलेला राहिला तर तो दोष मोठा. अक्का म्हणते, देऊ नको. वसुमती म्हणते, "मामंजी, जे कराल ते करा, पण दोन घास खा आधी."

दिलं आणि तो जिवंत असला तर? नाही दिलं आणि मेलेला असला तर? छातीत धडधडतं. डॉक्टरनं सांगितलंय विचार करू नका. कसा करू नको?

८ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा खेळ. पुढच्या आठवड्यात दुसरा सिनेमा. पहिल्या रांगेत बसलो, मान दुखेपर्यंत वर पाहिलं. नंदकिशोर भाकरी खात होता, पण त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. तो गेलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे. बरं आहे त्याचं.

वहाणा घालताना पहारेकरी एकदा इकडे बघतो. आजवर लक्षात आलं नव्हतं. गेलेला माणूस असं बघत नाही. माझं ठरलं.

९ ऑक्टोबर, सर्वपित्री

एक एक नाव घेत गेलो. अण्णा, आई, आजोबा, काका. गुरुराजाच्या जागी आलो आणि पळी खाली ठेवली. भीमाचार्य थांबले. "पुढे?"

"पुढे कुणी नाही," म्हणालो. "भाऊ जिवंत आहे."

"सरी, बरं," एवढंच बोलले.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. खीर मागून घेतली. वसुमती बघत राहिली.

१० ऑक्टोबर

दिवाळीला त्याला बोलवायचं. वरची खोली रिकामी करायला सांगितली. हंडा खाली काढून घासून घेतला.

१६ ऑक्टोबर, सोमवार

कोल्हापूरहून पत्र आलं. कानामागे तीळ होता. घरचं कुणी नाही असं सांगायचा. चार सप्टेंबरला संध्याकाळी गेला. मी त्याला पहिल्यांदा पाहिला त्याच्या तेरा दिवस आधी. अग्नी स्टुडिओतल्या लोकांनी दिला.

जिवंत होता तोवर दर वर्षी पाणी दिलं. मेला, आणि मी पळी खाली ठेवली.

पंचांग काढून पाहिलं. श्रावण वद्य दशमी.

आता त्याला तिथी आहे.