ग्रासिएतचा एक चांगला फोटो

३ एप्रिल, मंगळवार

ग्रासिएतला फोटो हवाय. स्वतःच्या थडग्यावर लावायला. जेवता जेवता म्हणाली, मीठ मागावं तशी. डॉक्टर म्हणतात, तिचा उन्हाळा जेमतेम निघेल. डॉक्टरांचं सगळंच मनावर घ्यायचं तर मी सिगारेट केव्हाच सोडायला हवी होती. पण बायकोने मनावर घेतलंय. तिचं म्हणणं, थडग्यावरचा फोटो ज्याचा त्याने हयातीत निवडून ठेवावा. नाहीतर मागची माणसं हाताला येईल तो लावून मोकळी होतात. तिच्या आईचा ओळखपत्रावरचा लावलाय. बिचारी तीस वर्षं सरकारी कारकुनाकडे बघत आठ्या घालून बसली आहे.

"मला तुझ्याकडे बघतानाचा हवाय," ग्रासिएत म्हणाली. "फोटो तूच काढायचास. म्हणजे तू फुलं घेऊन आलास की मी तुझ्याकडेच बघत असेन."

मी म्हटलं, सूप निवतंय.

४ एप्रिल, बुधवार

तोडगा सापडला. फोटोच काढायचाय ना, मग शहर बघू! एकेचाळीस वर्षं या पोर्तु शहरात संसार केला आणि क्लेरिगोसच्या मनोऱ्यावर एकदाही चढलो नाही. परदेशची माणसं विमानाने येऊन चढतात. शनिवारी दिवसभर भटकायचं. लेकीने, लीदियाने, लक्झेंबर्गहून पाठवलेला कॅमेरा अजून खोक्यातच आहे, तो काढायचा. म्हणजे फोटो सहलीचे होतील. सहलीला निघालेल्या माणसाला काही होत नसतं.

संकल्प: थडगं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. शंभर फोटो तरी काढायचे. रस्त्याची चिंता नाही, चौतीस वर्षं ट्राम चालवलीय.

७ एप्रिल, शनिवार

सकाळी ८.३०. हवा झकास. ग्रासिएतने निळा झगा घातलाय, लिपस्टिकही लावलीय. झगा खांद्यावरून घसरतो. धुऊन धुऊन सैल झाला असणार.

९.४०. चौकात पाऊण तास ट्रामची वाट बघितली. आली नाही. ग्रासिएत म्हणाली, ही लाइन बंद होऊन वीस वर्षं झाली. म्हटलं, पुन्हा सुरू केली असेल. तर म्हणते कशी, अरे, शेवटची गाडी तूच आणलीस ना डेपोत, आणि घरी येऊन रडलास. रडलो नव्हतो. सर्दी झाली होती. पायी निघालो.

११.००. क्लेरिगोस. दोनशेच्या वर पायऱ्या. ती अकराव्या पायरीवरून मागे फिरली, खाली बाकावर बसते म्हणाली. मी धापा टाकत माथ्यावर गेलो. वरून सतरा फोटो काढले. एकात ती आहे. निळा ठिपका. पण शहर काय सुंदर आलंय!

१२.१५. सान बेंतो स्टेशन. निळ्या चित्रांच्या फरशांच्या भिंतीपुढे तिला उभं केलं. भिंत निळी, झगा निळा, फोटोत नुसतं डोकं. दाखवला तर खळखळून हसली. म्हटलं, चला, हसतेच आहे तर काढू. नेमके डोळे मिटले. तो पुसून टाकला. डोळे मिटलेली बघवेना.

१.३०. खानावळीत आतड्याचं कालवण आणि भात. तिने चार घास खाल्ले. वाढप्याने विचारलं, बाईंना आवडलं नाही का? मी म्हटलं, न्याहारी दणकून झालीय. न्याहारी मी केली होती. तिचं ताटही मीच संपवलं.

मग ती हनुवटीला हात लावून माझ्याकडे बघत बसली. लग्नाआधी डेपोच्या फाटकाशी उभी राहून बघायची, अगदी तशी. हळूच म्हणाली, आत्ता काढ. मी कॅमेरा उचलला. ती कॅमेऱ्यातून आणखी जवळ दिसते. मी सांगितलं, बॅटरी संपली. (संपली नव्हती.)

३.००. नदीकाठ. बॅटरी आली परत. अकरा फोटो. एकात होडी मध्ये आली, एकात सीगल. एकात कुणा बाईचा जर्मन नवरा मध्ये आला. बाकीच्यांत माझं बोट. नवा कॅमेरा, हात बसायला वेळ लागतो.

४.१५. दों लुईस पूल. मी म्हटलं, जरा डावीकडे हो, म्हणजे मागे पूल येईल. मग म्हटलं, थोडी मागे. मग म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय, ढग येऊ दे. ती कठड्याला धरून उभी होती. पाय थरथरत होते ते मला दिसलं.

"अबीलियो, तू मुद्दाम चुकवतोयस," ती म्हणाली. "फोटो नाही निघाला म्हणून मी काय थांबणार आहे का?"

मी म्हटलं, ऊन खरंच समोरून येतंय.

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि एका उंच डच माणसाला दिला. त्याने एकच फोटो काढला, अंगठा दाखवला आणि चालता झाला. माणसाला अक्कल नाही. पूल नाही, नदी नाही, नुसता चेहरा.

६.००. घरी आलो. ती बूट न काढताच झोपली. एकूण एकशे बारा फोटो. दिवस यशस्वी. पुढच्या शनिवारी समुद्रावर जाऊ. तिथे प्रकाश उत्तम असतो, तिथे तिला हवा तसा काढतो.

१४ एप्रिल, शनिवार

पाऊस. समुद्र पुढच्या शनिवारी.

२८ एप्रिल, शनिवार

ग्रासिएतला थकवा. हवा बदलतेय, दुसरं काय.

१९ मे, शनिवार

ऊन छान. ती म्हणाली, उशीला टेकून बसते, इथेच काढ. म्हटलं, गाऊनवर? केस न विंचरता? बरी झालीस की समुद्रावर. ती म्हणाली, बरं. एवढ्या लवकर ती कशालाच बरं म्हणत नाही. मला आवडलं नाही.

१६ जून, शनिवार

लीदिया आली. तिच्या बॅगेत काळा पोशाख दिसला. खूप बोललो तिला. ती रडली. मग दोघांनी मिळून ग्रासिएतला सूप भरवलं, तीन चमचे गेलं. सुधारणा आहे.

२ जुलै, सोमवार

ग्रासिएत सकाळी गेली. मी कॉफी करत होतो.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज सर्व संतांचा सण, सगळं पोर्तु आपापल्या गेलेल्यांसाठी शेवंती घेऊन दफनभूमीत. मीही पांढरी शेवंती नेली. दगड गेल्या महिन्यात बसला. चिनी मातीच्या चकतीवर फोटो उतरवणाऱ्याला मी एकशे बाराच्या एकशे बारा दाखवले होते. त्याने शांतपणे सगळे पाहिले, सभ्य माणूस. मग त्या डच माणसाने काढलेल्यावर बोट ठेवलं.

फोटो फार छान उतरलाय, जो तो म्हणतो. निळा झगा, ओठांवर थोडं हसू. अनोळखी माणसाला आपण त्रास दिला तर हसतो ना, तेवढंच. समोर उभा राहिलो. ती माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघते. डावीकडे सरकलो. नाही. उजवीकडे सरकलो. गुडघ्यावर बसलो. तो डच माणूस उंच होता, म्हणून एका दगडावर चढूनही पाहिलं.

शेजारच्या थडग्यावर पाणी घालणाऱ्या बाईने विचारलं, काका, काही हरवलंय का?

मी म्हटलं, नाही हो, फुलं कुठे ठेवावीत ते बघतोय.

ठेवली आणि घरी आलो. एकदा तरी नीट काढायला हवा होता. ती बघत होती माझ्याकडे.