भिंतीतलं घड्याळ

सातारा,
१२ जानेवारी १९९५

प्रिय धम्मपाल,

अक्षर ओळखलंस का? सातवीत शेजारी बसून तुझीच गणितं उतरवणारा सयाजी. तुझा सांगलीचा पत्ता आपल्या हरिबा शिपायाकडून काढला. मी आता आपल्याच शाळेत मास्तर आहे. दोनदा बदली आली, दोन्ही वेळा रद्द करून घेतली. लोकांना वाटतं, माझा शाळेवर जीव आहे.

इंग्रजांच्या काळातली ती लाल विटांची इमारत अजून तशीच आहे. टोकदार कमानी, घंटेचा मनोरा, आणि दुहेरी भिंती, मधे हवा खेळायला वीतभर पोकळी. मनोऱ्याच्या जिन्यातल्या, त्या पोकळीत उघडणाऱ्या झरोक्यात तोंड घालून आपण हाका मारायचो, त्या खालच्या वर्गात ऐकू जायच्या. घंटा द्यायचा मान तुझा, म्हणून हेडमास्तरांचं खिशातलं घड्याळ दिवसभर तुझ्याकडे. बौद्धवस्तीतल्या पोराला एवढा मान दिला म्हणून काही घरं धुसफुसत होती, त्यात आमचंही होतं. घड्याळ गेलं तेव्हा पुरावा कुणी मागितलाच नाही. तुझ्या आण्णांनी शाळेतून तुझं नाव काढलं आणि तुला सांगलीला मामाकडे धाडलं.

आता पोरं परीक्षेआधी त्या खालच्या वर्गाच्या भिंतीला कान लावतात. टिकटिक ऐकू आली तर पेपर सोपा. घड्याळ चोरणारा धम्मपाल मेला आणि भूत होऊन भिंतीत बसला, असं एकमेकांना सांगतात. मी कानाडोळा करायचो. परवा जेवताना माझी पाचवीतली शिवांजली घाबरून म्हणाली, "आप्पा, धम्मपालचं भूत खरंच चोर हुतं का?" मी ताट बाजूला सारलं. तू सांगलीत हयात आहेस, आणि इथं आम्ही तुला मारून भिंतीत चिणलंय.

चावीचं घड्याळ दिवसभरात बंद पडतं, हे मला कळतं. तरी टिकटिक मलाही ऐकू येते, कारण ते तिथं मीच सोडलंय. त्या दिवशी तू घड्याळ जिन्यावर ठेवून पाणी प्यायला गेलास. टिकटिक खाली ऐकू येते का बघायला मी ते सुतळीला बांधून झरोक्यातून सोडलं. माझी गाठ सुटली आणि ते पोकळीत तळाला गेलं. ती चेष्टा होती. तुझं नाव घेतलं गेलं तेव्हा मी गप्प बसलो, ती चेष्टा नव्हती. मागं भूकंपात भिंतीला पडलेल्या भेगा वाढल्यात, म्हणून सोमवारी ती पोकळी सिमेंटनं भरणार आहेत. गप्प राहिलो असतो तर सगळं कायमचं बुजलं असतं. काल आत्ताच्या हेडमास्तरांना खरं सांगितलं. सोमवारी प्रार्थनेनंतर, भरायच्या आधी, सगळ्या शाळेसमोर खालच्या विटा काढायच्या आहेत. तू ये. माफी मागायला मीच सांगलीला यायला हवं, ते मी येईनच. पण सोमवारी तू माझ्या शेजारी उभा राहा. धम्मपाल कोण ते पोरांना एकदा बघू दे, आणि चोर कोण तेही.

तू म्हणशील तर तुझाच,
सयाजी