करपका गोळा वर

अब्बा, आज मला तुमचा लई राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

भूमच्या भट्टीवर तुम्ही खवा आटवायचात. दूध तेच, जाळ तोच, उलथनं फिरवणारे हात तेच, तरी शेवटच्या कढईचा गोळा जरा करपकाच उतरायचा. बाकीचे भट्टीवाले तो पाटीत खाली दडवत. तुम्ही तोच वर ठेवायचात. एकदा एका नव्या व्यापाऱ्यानं तो चाखून तोंड वाकडं केलं. "चाचा, असला माल कोन घेतंय? न्हाय जमायचं," म्हणाला आणि टेम्पो घेऊन चालता झाला. मी केवढी चिडले! "खालचा चांगला खवा त्यानं बघितला तरी का?" तुम्ही म्हणालात, "बेटा, वंगाळ आधी दाखवायचं. घरी गेल्यावर सापडलं तर चांगल्यावर बी त्याचा इश्वास बसत न्हाय." अन् रिकामं बोलायला नको म्हणून की काय, घरापर्यंत गुणगुणत आलात. ह्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही, असं मला वाटलं.

आता मी पुण्यात चिपा तपासते. सिलिकॉनच्या गोल चकतीवर केसाहून बारीक वाटा कोरलेल्या असतात, त्यांतून विजेऐवजी प्रकाश धावतो. साचा एक, यंत्र एक. पण चकतीच्या कडेला वाट किंचित अरुंद निघते आणि प्रकाश भलतीकडंच भरकटतो. मग त्या चिपेला ऊब देऊन ताळ्यावर आणायचं, त्यात जास्तीची वीज खर्च होते. आज पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं होतं. ऑर्डर मिळाली नाही तर आमचा विभागच बंद होणार. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, मधल्याच चिपा दाखवा. कडेच्या कशाला?" मी हो म्हटलं, आणि यंत्राखाली आधी कडेची चिप ठेवली. गिऱ्हाईक पडद्यावरचे आकडे टिपून घेत "कळवतो" म्हणालं आणि गेलं. साहेब दार आपटून केबिनमध्ये गेले.

आवराआवर करताना शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, खुशीत दिसताय, गाणं म्हणताय!" तेव्हा कुठं मला कळलं, की मी गुणगुणतेय. चिपांची हलकीशी डबी मात्र दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

तो व्यापारी गेला त्या दिवशी तुम्ही पाटी दोन्ही हातांनी गच्च धरली होती, अब्बा. ती जड असेल, असं मला वाटलं होतं.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. मला भ्या वाटतंय.