उजवीकडची खुर्ची

बाबा, परवा आमच्या कॉलेजात बेसबॉल संघाच्या नव्या मॅनेजर मुलींचं स्वागत झालं आणि त्यात मला चारचौघांत तुमचं नाव घ्यावं लागलं. तुम्ही गेल्यापासून एवढ्या मोठ्यांदा ते मी कधीच घेतलं नव्हतं. कॉलेज म्हणजे इथे शाळाच, तेरा ते अठरा वर्षांची मुलं. मी तिथे शिकवत नाही. आठवडाभर पोरिरुआच्या दवाखान्यात गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवते आणि शनिवारी या मुलांच्या बेसबॉल संघाचा हिशोब बघते, म्हणजे कोणी किती बॉल टाकले, कोण बाद, कोण कुठे. माझी लेक या संघात खेळायची म्हणून मी यायला लागले. ती आता लांब, रिकार्टनला खोली घेऊन युनिव्हर्सिटीत शिकते, आणि मी अजून येतेच आहे. बेसबॉल तुम्हाला आवडला नसता. बॅट म्हणजे गोल दांडकं, षटक नावाची गोष्टच नाही, आणि बेंचवरून सगळे सतत ओरडत असतात. तुम्ही दहा मिनिटांत उठून चहाला गेला असतात.

इथल्या शाळांत स्वागताची एक रीत आहे. प्रत्येकानं उभं राहून आपण कुठले ते सांगायचं. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आईवडील आणि सगळ्यात शेवटी आपलं नाव. दरवर्षी मी थर्मॉस भरायच्या निमित्तानं सटकते. यंदा कोच दारातच उभा होता. तो माओरी आहे, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतला, आडदांड, हसरा, आणि त्याला माझ्या सगळ्या पळवाटा पाठ आहेत. मग राहिले उभी. माझा डोंगर पर्वती, म्हटलं. माझी नदी मुठा. आईचं नाव घेतलं, मग तुमचं. तुमचं नाव घेतल्यावर पुढचं, म्हणजे माझं स्वतःचं नाव, क्षणभर आठवेनाच. नव्या दोघी मुली माझ्याकडे बघत होत्या. एक सामोअन घरातली, दांडगी आणि बडबडी. दुसरी आपली, हॉस्पिटलमधल्या डॉक्टर नवराबायकोची मुलगी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र इंग्रजीत देते.

मॅनेजरचं मुख्य काम मोजायचं. पोरांचे खांदे कोवळे असतात, म्हणून पिचरनं, म्हणजे इथल्या बोलरनं, ठरावीक आकड्यापुढे बॉल टाकायचा नाही, असा इथे नियम आहे. दोन्ही संघांचे मॅनेजर आपापल्या वहीत मोजतात आणि इनिंग संपली की एकमेकांना आकडा सांगतात. जुळला की मी पंचांकडे बघून हात वर करते. हा हात बेसबॉलमध्ये नाही, तो मी तुमच्याकडून आणलाय. पहिल्याच मोसमात एका शनिवारी मी आकडा सांगितला, समोरच्या बाकावरून तोच आकडा आला, आणि लगेच माझ्या उजव्या कानाशी कोणीतरी म्हणालं, “बरोबर.” मधला ‘रो’ जरा लांबवून, अगदी तुमच्यासारखं. मला वाटलं वारा. या गावातला वारा काहीही बोलतो. पुढच्या इनिंगला पुन्हा आलं. मग दर शनिवारी यायला लागलं. मी कधी दचकले नाही, बाबा, हेच विचित्र आहे. एकदा ते आलं नाही. मी वही पुन्हा तपासली तर एक बॉल लिहायचाच राहिला होता, आणि समोरच्या मुलानं कंटाळून माझ्या आकड्याला नुसतीच मान डोलावली होती. तेव्हापासून मी त्या आवाजाशिवाय हात वर करत नाही. माझ्या उजवीकडची खुर्ची रिकामी असते. मी ती कधी राखून ठेवलेली नाही, पण तिथे कोणी बसतही नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा मैदानावर नेलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. समोरच्या क्लबनं स्कोअरर आणला नव्हता. तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात आलात, आई साबुदाण्याची खिचडी परतत होती, आणि तुम्ही म्हणालात, “हिला नेतो. हिचं अक्षर चांगलं आहे.” आईनं झारा तसाच धरून विचारलं, “मुलीची जात, दिवसभर उन्हात?” तुम्ही म्हणालात, “पत्रा आहे वर.” तो पत्रा उन्हापेक्षा तापायचा. पत्र्याखाली एक बाक, एक टेबल, उजवीकडे तुम्ही आणि डावीकडे मी, दोन वह्या. षटक संपलं की मी धावसंख्या सांगायची, तुम्ही “बरोबर” म्हणायचं. पंचांनी चौकार दाखवला की ते आपल्याकडे बघत थांबायचे आणि तुम्ही हात वर केल्याशिवाय पुढचा चेंडू पडायचा नाही. तो हात मला फार आवडायचा. टेलिफोन ऑफिसात साहेबांपुढे खाली मान घालून उभा राहणारा माणूस रविवारी एका हातानं अख्खं मैदान थांबवायचा. नियम एकच होता. नजर मैदानावर. टाळ्या वाजू देत, कुत्रं येऊ दे, शेजारी कोणी काही म्हणू दे, मान वळवायची नाही.

चौदाव्या वर्षी एका रविवारी माझा एक लेगबाय राहिला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “झोपा काढायच्या असतील तर घरी बस ना.” दोन्ही संघांची माणसं हसली. मी फुगले. त्यानंतर तुमच्याशी आकड्यांखेरीज एक शब्द बोलले नाही. जेवणाची सुट्टी होते, मी तुमच्याकडे पाठ करून पोळीची गुंडाळी खाते. पुन्हा खेळ सुरू होतो. ऊन टेबलावर आलंय. षटक संपतं, मी आकडा सांगते, तुम्ही काहीच म्हणत नाही. मला वाटतं, आता तुम्हीही फुगलात. मग मीच हळूच, तुमची नक्कल करत, म्हणते, “बरोबर.” पुढच्या षटकात चौकार जातो, पंच थांबतात, तुमचा हात वर होत नाही, मी माझा करते. पंचांना काय, हात दिसला, बस्स. अशी चार षटकं गेली. मग चहा घेऊन आलेल्या गड्यानं तुम्हाला दोनदा हाक मारली आणि किटली खाली ठेवून तो पळत सुटला. समोरच्या संघात एक डॉक्टर होते, पॉइंटला उभे, पन्नास पावलांवर. ते धावत आले, तुमची नाडी बघितली, मग टेबलावरच्या दोन वह्या बघितल्या. माझी पूर्ण होती. तुमची चार षटकांपूर्वी, तिसऱ्या चेंडूवर थांबली होती. मी हात वर केला नसता तर पंच थांबले असते. थांबले असते तर डॉक्टर आले असते. हे मला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. डॉक्टरांनी इतकंच विचारलं, “बाळ, तू बघितलं नाहीस?” मी म्हणाले, “नजर मैदानावर ठेवायची असते.” आईलाही हेच सांगितलं. पुढे नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना तेच.

आता परवाचं. स्वागत झाल्यावर सरावासाठी आपल्याच मुलांचे दोन भाग करून सामना लावला. सामोअन मुलगी समोरच्या बाकावर वही घेऊन बसली, आणि आपली डॉक्टरांची मुलगी आली ती सरळ माझ्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. ऊठ म्हणणार होते, पण कारण काय सांगणार? पहिली इनिंग संपली. मी ओरडले, सतरा. समोरून आलं, सतरा. आणि उजवीकडून, जिथे आता ही मुलगी बसली होती, तिथून, “बरोबर.” मी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे दुसरं माणूस होतं, म्हणून मैदानावरची नजर न काढता मी विचारलं, “ऐकलंस?”

“व्हॉट?”

“आत्ता कोणी बरोबर म्हणालं ते.”

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मिस, दॅट वॉज यू. यू डिड अ व्हॉइस. लाइक माय आजोबा.”

दुसऱ्या इनिंगला मी डावा तळहात तोंडावर घट्ट दाबून बसले. इनिंग संपली, समोरून आकडा आला, आणि तळहाताखाली माझे ओठ हलले. आवाज उजवीकडूनच आला, शपथेवर सांगते, पण ओठ माझे हलले. तेव्हा मी मान वळवली. खेळ चालू असताना, मैदानावर, आयुष्यात पहिल्यांदा. खुर्चीत ती मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिची भीतीनं गाळण उडाली होती. मला. ती मला घाबरली होती.

नंतर कोचला गाठलं. म्हटलं, मी असं काही करते का? तो हेल्मेटं पिशवीत भरत होता. “तुला माहीत नाही?” तो म्हणाला. “अगं, ढीगभर वेळा. पहिल्या वर्षापासून. पोरं त्याला मातुआ म्हणतात.” मातुआ म्हणजे इथे सरांना, वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक. “म्हणून तर ती खुर्ची सोडतात. नव्या पोरीला सांगायचं राहिलं, सॉरी.” मी विचारलं, मग मला आजवर कोणी बोललं का नाही? तो म्हणाला, “आम्हाला वाटलं, तूच त्याला घेऊन येतेस. आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता.” आणि पिशवी खांद्यावर टाकून, स्वीट ॲज, म्हणजे सगळं झकास, असं म्हणत तो गाडीकडे गेला. चार षटकं तुमच्या वतीनं बोलले आणि तिथून पुढे मी थांबलेच नाही, एवढं मला कळलं. ज्या शनिवारी बॉल लिहायचा राहिला, त्या दिवशी माझ्याच तोंडाला माझी चूक कशी कळली, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मुलींना बोलावलं आणि नियम बदलला, बाबा. तुमचा नियम. आता आपल्या बाकावर दोन मॅनेजर, शेजारी शेजारी. इनिंग संपली की आकडा सांगायचा, मान वळवायची, शेजारणीच्या तोंडाकडे नीट बघायचं, तिनं आपल्याकडे बघितलं की मगच हात वर करायचा. कोच म्हणाला, यात वेळ जातो. म्हटलं, जाऊ दे. आपली मुलगी म्हणाली, “अँड इफ शी डझन्ट लुक बॅक?” मी म्हटलं, मग हात वर करायचा नाही. सगळं थांबू द्यायचं. ओरडायचं, वही फेकायची, कोणाचा सामना बुडाला तरी बुडू द्यायचा. माझा आवाज चढला असणार, कारण दोघी एकदम सरळ बसल्या.

या शनिवारी खरा सामना होता. दोघी बाकावर, मी त्यांच्या मागे उभी, वारा असा की टोप्या धरून बसायची पाळी. माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती, दातांत धरलेली, मुद्दाम. पहिली इनिंग संपली. आपल्या मुलीनं आकडा सांगितला, समोरून आला, दोघींनी एकमेकींकडे वळून नीट बघितलं, आणि सामोअन मुलगी म्हणाली, “बरोबर.” तिला मराठीचा गंध नाही. माझ्याकडून ऐकून शिकली असेल, दुसरं काय. पण तिनं मधला ‘रो’ लांबवला तो माझ्यासारखा लांबवला नाही. शेवटी तुमचा आवाज जसा थोडा खाली बसायचा, तसा तिचा बसला. मी संत्रं गिळलं. पंचांनी हात बघितला आणि खेळ पुढे गेला.

त्या मुलींना मी नियम का बदलला हे सांगितलेलं नाही. सांगायचं तर खरं सांगावं लागेल, आणि ते हे पत्र लिहायला बसले तरी मी इतका वेळ टाळत आले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. नजर मैदानावर होती हे खोटं आहे. त्या तिसऱ्या चेंडूला तुमचा खांदा माझ्या खांद्याला येऊन टेकला. सगळा भार टाकून. गडी आला तेव्हा तुम्ही कलंडलेले दिसलात, सगळ्यांना वाटलं की तुम्ही तेव्हाच कलंडलात. मला वाटलं, तुम्ही माझी समजूत काढताय. सकाळी ओरडलात म्हणून आता न बोलता जवळ सरकलात. चार षटकं तुम्ही तसेच टेकून होतात, आणि मी हात वर करताना डावा करत होते, उजवा खांदा हलू नये म्हणून. मला ते आवडलं होतं, बाबा.