नाक शंभर टक्के

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
नवीन वर्षाचा संकल्प पाच दिवस उशिरा, पण पक्का. वर्षभरात बारा वाइनरी. महिन्याला एक. बसेस भरून लोक जातात त्या मोठ्या नाहीत. छोट्या, घरगुती, ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नसतं. वही घेतली. बारा पानांवर रकाने आखले : रंग, अरोमा, चव, गुण. खाली 'टेस्टर : वाल्मीक' असं बाराही पानांवर आधीच लिहून टाकलं. एवढं केल्यावर दमलो. परत झोपलो.

सकाळी ११
कारणही लिहून ठेवलेलं बरं. काल्हेरला मसाल्याच्या गोडाऊनमध्ये अठरा वर्षं मी माल वासावर पास केला. धन्याचं ओलं पोतं मला गेटवरून कळायचं. कोरोनात नाक जरा सुस्त झालं तर शेठने डिस्पॅचला बसवलं. ट्रकचे नंबर लिहायला. तात्पुरतं म्हणाला होता, त्याला चार वर्षं होतील. नाक केव्हाच पूर्ववत झालंय. शंभर टक्के. फक्त ते लोकांना पटवायला निमित्त नाही. वाइन टेस्टर म्हटल्यावर नाकावर कोण शंका घेईल?

८ जानेवारी, बुधवार
यूट्यूबवर कोर्स सुरू. धडा पहिला : ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. डोळे मिटले ते धडा चौथा संपल्यावर उघडले. ड्युटीवरून आल्यावर अभ्यास होत नाही.
दांडीवाला काचेचा ग्लास आणला. बायकोने, म्हणजे धम्मदिनाने, त्यात टूथब्रश ठेवले.

१२ जानेवारी, रविवार
विहारात वंदना. पाचवं शील म्हणताना धम्मदिना माझ्याकडे बघत होती. मद्यापासून दूर राहीन, हे मी तिच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. घरी येऊन शांतपणे समजावलं की टेस्टर पीत नसतो. तोंडात फिरवतो आणि थुंकतो. थुंकणारा पीत नाही. ती म्हणाली, मग अख्ख्या भिवंडीत सगळे टेस्टरच म्हणायचे.
शेवटी अट घातली. थुंकायचा डबा वेगळा, तो मी घासायचा, आणि एक थेंब जरी पोटात गेला तरी तिला सांगायचं. कबूल केलं. त्यात काय अवघड आहे.

१९ जानेवारी, रविवार
नाकाचा सराव. डोळ्यांवर ओढणी बांधून बसलो. धम्मदिना मिसळणाचा डबा घेऊन समोर. तिने एकेक चमचा नाकाखाली धरायचा, मी नाव सांगायचं. जिरं. मोहरी. हिंग. लवंग. दरवेळी म्हणाली, बरोबर. दहापैकी दहा. शेवटी शेवटी तिचा आवाज बसल्यासारखा झाला होता. हिंगाने होतं तसं.

२६ जानेवारी, रविवार
पहिली वाइनरी. गोडाऊनवर झेंडावंदन करून वाड्याची एसटी पकडली, अंबाडीला उतरलो, तिथून पाऊण तास चाललो. काळूराम म्हणून शेतकरी आहे, स्वतःच्या झाडांच्या जांभळांची वाइन करतो. पत्र्याची शेड, तीन टाक्या, दाराला कुलूप. काळूराम खाटेवर पडून होता. म्हणाला, आज ड्राय डे हाय दादा. सव्वीस जानेवारीला ड्राय डे आसतो ह्यो शेंबड्या पोराला ठावं हाय. तुमी टेस्टर ना?
हंड्यातलं पाणी दिलं. पाणी चांगलं होतं. गुण दिले नाहीत.
परतीच्या एसटीला पाऊण तास. पाय सुजले. जानेवारीची वाइनरी फेब्रुवारीत धरायची, फेब्रुवारीच्या दोन होतील.

२ फेब्रुवारी, रविवार
झाली. जमली. काळूरामने टाकीची तोटी सोडून अर्धा ग्लास दिला. मी फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. मोगरा. ओली माती. थोडी वेलची. काळूरामला सांगितलं तर त्याने ग्लास स्वतः हुंगून पाहिला. म्हणाला, वेलची न्हाय घालत आमी. त्याला म्हटलं, घालावी लागत नाही, येते.
मग तोंडात फिरवून डब्यात थुंकलो. त्याला ते लागलं. म्हणाला, आमी काय इख दिलंय का तुमाला, थुकताव ते? त्याची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली. पाचव्या शीलाचं समजावून सांगितलं. म्हणाला, मग सरबत प्याचा ना गुमान.
मान राखायला एक बाटली घेतली. एसटीत शेजारी एकाने सुक्या मासळीची पाटी ठेवली होती. समोरची बाई अंबाडीपासून भिवंडीपर्यंत पदर नाकाला लावून. मला काहीच त्रास नाही. ट्रेनिंग झालेलं नाक नको ते वास आत घेतच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
प्रितेशशेठला सांगितलं. थोरल्या शेठचा मुलगा, आता तोच बघतो सगळं. वाइनरी, मोगरा, दहापैकी दहा. मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाला, सतरा तारखेला सोमवार आहे ना, तेव्हा पाच पोती धने लावतो. एक भिजून वाळवलेलं. कुठलं ते सांगा काका आणि मसाल्याला या परत. नाही जमलं तर मात्र तो विषय बंद करू या.
गेटवर जाऊन उगाच उभा राहिलो. चार वर्षं तिथून मान खाली घालून जातोय.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
घरी बाटली उघडली. सविस्तर नोट्स, कारण सतरा तारीख जवळ आलीय.
रंग : जांभळ्यापेक्षा लालीकडे झुकलेला. मुरल्याचं लक्षण. अरोमा : मोगरा गेला, गुलाब आला. चव : आंबट, गोड, आणि मागून मीठ. मीठ कुठून आलं यावर खूप विचार केला. खाडीचा वारा. वाऱ्यातून झाडात, झाडातून जांभळात. हे काळूरामलाही माहीत नसेल. दारूची धग अजिबात नाही, इतकी सफाईदार. गुण : दहापैकी साडेनऊ.
एक घोट गिळला गेला. ठरवून नाही. खोकला आला. धम्मदिनाला सांगितलं नाही, ती कपडे वाळत घालत होती.
फ्रिजमधलं कोकम संपलंय. विचारलं तर म्हणाली, पाहुणे आले होते. मला कोणी दिसले नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघ पौर्णिमा
विहारात गेलो नाही. कंबर. धम्मदिना एकटी गेली. परत आल्यावर तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
धम्मदिना बाजारात. दूध तापत ठेवलं आणि हॉलमध्ये धन्यावर नोट्स काढत बसलो. सुका धना : गवत, संत्र्याची साल. भिजलेला धना : तळघर, जुनं वर्तमानपत्र. छान लिहीत होतो. मग दारावर लाथा. उघडलं तर शेजारच्या कलावतीताई. जिन्यापासून वास येतोय वाल्मीकभाऊ, मेलात का आत, असं ओरडत थेट किचनमध्ये घुसल्या. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. बटण चालूच. त्यांनी बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून गॅलरीत आणलं. म्हणाल्या, एवढा वास, अन् तुम्हाला कळला नाही?
मी म्हटलं, लिखाणात होतो.
तेवढ्यात धम्मदिना आली. भाजीची पिशवी खाली ठेवून जिन्यातच बसली. मला फार भीती वाटली. गॅसची नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
तिने सगळं सांगितलं. रागावून नाही, भाजी निवडता निवडता.
नाकाच्या सरावाला दहाही वेळा चमचा रिकामा होता. एकही नाव बरोबर नव्हतं, असूच शकत नव्हतं. पहिल्यांदा खरं सांगायला तोंड उघडलं, पण मी ओढणी बांधून इतका ताठ बसलो होतो की तिच्याच्याने बोलवेना.
बाटलीत कोकम होतं. शील मोडू नये म्हणून तिने भरलं. खरी वाइन तांदळाच्या डब्यात. इतक्या लांबून उन्हात चालत आणलेली, ओतवली नाही म्हणाली.
चार वर्षं रोज दूध, वरण, भात तीच हुंगून बघते आणि मग मला वाढते. मला वाटायचं, सवय आहे तिची.
मी म्हटलं, मी एक घोट गिळला होता. तिला माहीत होतं. म्हणाली, कोकमच होतं ते, उगाच पौर्णिमा चुकवली तुम्ही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पाच पोती मांडून ठेवली होती. सगळे जमले होते. मी कुठल्याच पोत्याजवळ गेलो नाही. म्हटलं, शेठ, नाक नाही. गेलंय. चार वर्षांपूर्वीच गेलंय.
कोणाला आश्चर्य वाटलं नाही. प्रितेशशेठ म्हणाला, बरं काका, बाहेर ट्रक लागलाय, नंबर घ्या. नंबर घेतला.

संध्याकाळी ६.३०
धम्मदिनाने तांदळाच्या डब्यातून बाटली काढली. टूथब्रश बाजूला ठेवून ग्लास धुतला. हुंगणं म्हणजे पिणं नव्हे, हे तिनेच आधी स्पष्ट केलं. मग थोडी ओतून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी वही उघडून बसलो. म्हणाली, आमच्या शाळेमागे झाडाखाली जांभळं सडून पडायची, तसा येतोय. मोगरा आहे का, असं विचारलं. पुन्हा हुंगून म्हणाली, नाही हो.
अरोमा : सडकी जांभळं.
खालचं 'वाल्मीक' खोडलं. टेस्टर : धम्मदिना.
बाकीच्या अकरा पानांवरचं उद्या खोडेन. आज दमलोय.