गळ्याचं गुपित

सान रोके, बातांगास
२० फेब्रुवारी १९८८

चि. लुमिंग हिस ताईचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

तुझ्या आलेकाढ्याच्या नव्या बाटल्या ट्रकवाल्याने पोचवल्या. लेबलावर तू माइक धरून हसतेस आणि खाली छापलंय, ‘हेच माझ्या गळ्याचं गुपित’. आपल्या अंगणात आलं सोलणाऱ्या चाळीस बायका त्या फोटोला रोज टोमणे मारतात, की आमच्या बोटांची आग होते नि ही बघा कशी खिदळतेय! पण मनातून खूश आहेत. नारळाच्या बागेतल्या मजुरीपेक्षा हे बरं, सावलीत बसून होतं.

आता मुद्द्याचं. गाणं सोडून शेठाणी झालीस तेव्हापासून घरी फिरकली नाहीस, नाताळलाही नाही. येत्या अठ्ठावीस मार्चला पवित्र आठवड्याचा सोमवार. ख्रिस्ताच्या दुःखकथेचा पाठ नेहमीप्रमाणे आपल्याकडे बसेल आणि पहिलं कडवं तूच गायचंस. सहा वर्षांची असताना घटसर्पाने तुला धरलं, डॉक्टरांनी नरड्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा आईने बोललेला हा नवस. आईला आता अजिबात दिसत नाही. यंदाचा पाठ माझा शेवटचा, असं रोज म्हणते. सबबी सांगू नकोस.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
पुरिताताई

मनिला
१ मार्च १९८८

ति. पुरिताताईस, तुझा हात कपाळाला लावून नमस्कार वि. वि.

टोमणा पोचला आणि लागलाही. पण नेमक्या त्याच आठवड्यात मला सेबूला जायचं आहे, तिथले दुकानदार पहिल्यांदाच माल घेतायत. जीव तुटतो गं, पण इलाज नाही.

म्हणून सोबत कॅसेट पाठवतेय. पहिलं कडवं खास गाऊन ठेवलंय. कर्ण्याला लावलीस की अख्ख्या गावाला वाटेल मी तिथेच बसलेय. आईसाठी मऊ शाल आहे. तुझ्यासाठी काही नाही, तू टोमणे मारतेस.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझी
लुमिंग

सान रोके
९ मार्च १९८८

चि. लुमिंग हिस आशीर्वाद, पण आज रागाने.

नवस कॅसेटने फिटत असते तर चर्चमध्ये आम्ही तरी गुडघे कशाला झिजवले असते? तरी काल आईला ती ऐकवली. दोन ओळी झाल्या आणि तिने हात वर करून बंद करायला लावली. म्हणाली, की ही बाई गाते छान, पण श्वास कुठे घेते? नळी घातली तेव्हापासून माझी पोर प्रत्येक ओळीआधी हुंकारासारखा श्वास ओढते. मी सांगितलं, की स्टुडिओवाले तो कापून टाकतात. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी जेवलीही नाही.

तू काहीतरी लपवतेस. सेबूचे दुकानदार पवित्र आठवड्यात दुकानं उघडी ठेवत नाहीत, एवढं मलाही कळतं. खरं काय ते लिही.

उत्तराची वाट पाहते.
पुरिताताई

मनिला
१५ मार्च १९८८

ति. ताईस नमस्कार वि. वि.

हे पत्र चारदा फाडलं.

माझा आवाज गेलाय, ताई. गेल्या जूनमध्ये गळ्याचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले आणि तोंडातून नुसती खरखर आली. अजून तशीच आहे. कॅसेट तीन वर्षांपूर्वीची. गाण्याला कंटाळून धंद्यात पडले हे पेपरवाल्यांना मीच सांगितलं. मग पोटासाठी काढा विकायला काढला आणि लेबलावर ते वाक्य लिहून बसले. तेव्हा वाटलं, एवढंसं खोटं, कोणाला कळणार? आता ती बाटली दिसली की लेबल भिंतीकडे फिरवून ठेवते.

कर्ण्यावर मी तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी मनिलाभर होईल, की गळ्याचा काढा विकणारीचाच गळा बसलाय. मग बाटली कोण घेईल? आणि तुझ्या अंगणातल्या बायका? मी लबाड ठरले तर मला चालेल. त्यांचं काय करू? नाही आले तर आईचा नवस मोडतो. तू मोठी आहेस, तूच सांग.

तुझी
लुमिंग

सान रोके
२० मार्च १९८८

चि. लुमिंग हिस अनेक आशीर्वाद.

रडून झालं. एवढं सोसलंस आणि ताईला कळवलं नाहीस, याचं नंतर भांडेन.

आज बायका आलं सोलत होत्या आणि मी एकेकीकडे बघत राहिले. एकीने मुलीला नर्सिंगला घातलंय, एकीने छपराचे पत्रे बदललेत. लुमिंग, येऊ नकोस. आईला मी काहीतरी सांगेन. देवाने विचारलं तर माझं नाव सांग.

जिवाला जप.
ताई

मनिला
६ एप्रिल १९८८

ति. ताईस, हात कपाळाला लावून नमस्कार वि. वि.

तू येऊ नकोस म्हणालीस, पण देवापुढे तुझं नाव सांगवेना, म्हणून मी दारात उभी राहिले. पाठाला येणाऱ्यांसाठी तू मागच्या चुलीवर पातेली चढवली होतीस, म्हणून पुढे काय घडलं ते तुला नीटसं ठाऊक नाही. कर्ण्यावरून ती खरखर मात्र तूही ऐकलीस, आणि कोणीतरी हसलं तेही.

व्हायचं ते झालं. निम्म्या दुकानांनी माल परत पाठवलाय. लेबलावरचं वाक्य आणि फोटो मी काढून टाकला. आता नुसतं ‘सान रोकेचा आलेकाढा’ लिहिलंय. पुढल्या महिन्यात वीसजणींपुरतंच काम आहे. वीसजणींना नाही म्हणायला मी स्वतः येईन, ते पाप तुझ्या माथी नको.

पण आईचं सांगायचं राहिलं. पहिलं कडवं मी कसंबसं वाचलं. तिने ओळखलंच नाही मला. हळूच म्हणाली, की बाई, कोण गं तू? वाचत राहा, माझी लुमिंग येईपर्यंत पाठ थांबायला नको. मी पुस्तकात तोंड घालून वाचत राहिले. तिसऱ्या कडव्याआधी श्वास ओढला, तशी ती दचकली. चाचपडत तिचा हात माझ्या गळ्याशी आला आणि नळीच्या जुन्या वणावर बोट थांबलं. मग म्हणाली, की मी देवाकडे आवाज कधी मागितलाच नव्हता, तुझा श्वास मागितला होता. नवस फिटला.

आणि लगेच म्हणाली, की घसा फार बसलाय गं तुझा, जा, पुरिताकडून काढा घेऊन ये.

म्हणून मी चुलीपाशी आले होते. तू विचारलंस, डोळ्यांना काय झालं. मी म्हटलं, आलं झोंबलं.

भांडण बाकी आहे, ते विसरू नकोस.
तुझी
लुमिंग